कोऱ्या पाकिटाचा मुक्काम

दुपारचे तीन वाजले होते, परीक्षक चारला यायचे होते आणि काटेकोर आपल्या टेबलाचा चौथा खण उलटा करून झटकत होते.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काटेकोरच म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई ज्या जनुकामागे पाच वर्षं हात धुऊन लागल्या होत्या, त्याचं काम टपालखात्याचं. पेशीत तयार झालेल्या प्रथिनांची छाननी करायची आणि जे ज्याच्या दारी जायचं ते तिथे धाडायचं. हे जनुक बिघडलं की प्रथिनं वाटेतच ठिय्या देऊन बसतात, असं बाईंचं म्हणणं. परीक्षकांना ते पटलं तर काम पुढे चालू, नाही तर प्रयोगशाळेला कुलूप.

म्हणून बाईंनी वीस काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या होत्या. काहींवर धडधाकट पेशी, काहींवर जनुक बिघडवलेल्या. कुठली काच कसली, हे बाईंना कळता कामा नये. नाही तर डोळ्यांना मनाजोगतंच दिसू लागतं. काचांवर नुसते आकडे, खरी यादी एकट्या काटेकोरांकडे. त्यांनी ती पाकिटात घालून चिकटवली, संशय नको म्हणून वर एक अक्षर लिहिलं नाही, आणि कुणाला सापडणार नाही अशा जागी ठेवली. आता ती खरोखरच कुणाला सापडत नव्हती.

कोटाचे खिसे झाले. उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर झाला, बोटं तेवढी गारठली. कचरा सकाळीच गेला, असं सफाईच्या मावशींनी सांगितलं. वर, आपण प्रत्येक कागद बघूनच टाकतो, तुमच्यासारखं नाही, हेही ऐकवलं. कारकुनाने तर हातच झटकले. काटेकोरांच्या टेबलावरच्या फायली त्याने सकाळी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या होत्या. पाकिटाबिकिटाचं त्याला विचारू नये.

शेवटी घामाघूम होऊन ते बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, ती यादी..."

बाईंनी डोळा वर केला नाही. "यादीबद्दल मला काही सांगायचं नाही, ठरलंय ना?"

"अहो, पण ती हरवलीय."

"तेही नका सांगू."

चारला परीक्षक आले. बाईंनी एकेक काच वाचून दाखवली. हिरव्या रंगाने खूण केलेल्या प्रथिनाचा ठिपका पेशीच्या कडेला पोचला असेल तर धडधाकट, मध्येच घुटमळत असेल तर बिघडलेली. चौदाव्या काचेला त्या अडखळल्या, पुन्हा बघितलं, मग म्हणाल्या, बिघडलेली.

"आता यादी," परीक्षक म्हणाले.

काटेकोर पुन्हा कोटाचे खिसे चाचपू लागले. तोवर परीक्षकांनी सकाळी आपल्याकडे आलेली प्रयोगाची फाईल उघडली. पहिल्याच पानाआड कोरं पाकीट. ते फोडून ते मुकाट्याने खुणा करू लागले. चौदाव्यापाशी पेन थांबलं, काटेकोरांचा श्वासही. मग दोन्ही पुढे सरकले.

वीसपैकी वीस.

"तीस वर्षं हे काम करतोय," परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "पण यादी घरच्या माणसाकडे न ठेवता थेट परीक्षकाच्या फायलीत? एवढी चोख व्यवस्था नाही बघितली. कल्पना कुणाची?"

बाईंनी काटेकोरांकडे बोट दाखवलं. त्यांनी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

कामाला आणखी पाच वर्षं मिळाली. बाई इतक्या हसल्या की मावशी दारात बघायला आल्या. आणि संस्थेने फर्मान काढलं, यापुढे प्रत्येक प्रयोगशाळेत हीच पद्धत. ती पायरीवार लिहून द्यायची जबाबदारी अर्थातच काटेकोरांवर आली. आज तिसरा दिवस. 'पायरी पहिली' एवढं सुवाच्य अक्षरात लिहून झालंय.