बागेत फक्त फ्रेंच

मोकळ्या हवेत मूल आपोआप शिकतं, हे आता सर्वमान्य झालं आहे. वाद एवढाच उरतो, की त्याला असं आपोआप शिकू द्यायचं का. आमच्या वसाहतीने या प्रश्नाचा सखोल विचार केला आणि ‘आपोआप’ या भागावर देखरेख ठेवण्यासाठी सात जणांची एक समिती नेमली. मी त्या समितीचा सदस्य आहे. पुढे जे सांगणार आहे ते अभिमानाने सांगणार आहे, हे आधीच नमूद केलेलं बरं.

आमची वसाहत म्हणजे चार इमारती आणि मधे एक बाग. बागेत काही झाडं, एक घसरगुंडी, एक गळका नळ आणि त्या नळाखाली बारमाही चिखल. नळ दुरुस्त करावा असं मोठ्यांना वाटतं आणि तो असाच गळत राहावा असं मुलांना वाटतं. एवढा मतभेद सोडला तर वसाहतीत सलोखा आहे. इथे फ्रेंचची गरज कुणाला होती, असं काही जण (म्हणजे माझी बायको) विचारतात. गरज कुणालाच नव्हती. पण पलीकडच्या वसाहतीत जर्मन सुरू झालं होतं.

समितीचे अध्यक्ष पेशाने दंतवैद्य आहेत. भाषा तोंडातून येते आणि तोंड हा त्यांचा विषय, त्यामुळे अध्यक्षपदासाठी दुसरं नाव पुढे आलंच नाही. शिकवायला ज्या बाई मिळाल्या त्यांना खरोखरच फ्रेंच येत होतं. ही बाब सुरुवातीला कुणाला खटकली नाही.

बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मला खोली नको, फळा नको. मुलं द्या आणि ही बाग द्या.” मग त्यांनी जे केलं त्याला शिकवणं म्हणावं का, याबद्दल तज्ज्ञांत (म्हणजे समितीत) दुमत आहे. लपंडावात ज्याच्यावर राज्य येईल त्याने झाडाकडे तोंड करून फ्रेंचमध्ये वीसपर्यंत मोजायचं. पानं गोळा करून खरखरीत, गुळगुळीत, किडकं असे वाटे करायचे आणि कुठलं पान कुठल्या वाट्यात जाणार यावरून भांडायचं, तेही जमेल तेवढं फ्रेंचमध्ये. मुंग्यांच्या रांगेशेजारी पालथं पडायचं आणि या मुंगीबाईंना एवढी घाई कसली असेल, याच्या गप्पा मारायच्या. शब्द अडला की घरचा शब्द खुशाल वापरायचा. बाई त्याच्या शेजारी हळूच फ्रेंच शब्द ठेवून द्यायच्या आणि खेळ पुढे चालू.

आता माझ्या मुलीविषयी. ती आठ वर्षांची आहे आणि घरात तिला भिंगरी म्हणतात. दिवसभरात जे जे दिसलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. हा ‘कुणीतरी’ पूर्वापार मीच. मी ऐकतोही, म्हणजे कान तिच्याकडे आणि डोळे मोबाइलकडे अशी रीतसर विभागणी करतो. बाई आल्यापासून तिची बडबड दुप्पट झाली.

“बाबा, आज ना फुर्मी नळापाशी आली होती. फुर्मी म्हणजे मुंगी. तिला पलीकडे जायचं होतं पण पाणी होतं ना मधे, मग मी फय ठेवलं, पूल म्हणून. फय म्हणजे पान. तर ती पुलाच्या मधोमध थांबली आणि विचार करत बसली!”

“हं,” मी म्हणालो. (विचार करणारी मुंगी ही बातमी आहे, हे आज कळतं. तेव्हा मी दुसरं काहीतरी वाचत होतो.)

बाईंचा प्रयोग सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि समितीची बैठक बसली. दोन गंभीर आक्षेप पुढे आले. एक, मुलांना मजा येत होती. दोन, भाषांची सरमिसळ होत होती. मजेच्या मुद्द्यावर अध्यक्ष स्पष्टच बोलले. त्यांच्या दवाखान्यात आजवर कुणालाही मजा आलेली नाही आणि तरीही काम चोख होतं, हे त्यांनी निदर्शनास आणून दिलं. सरमिसळीबद्दल सर्वांचं एकमत होतं. त्याच दिवशी बागेच्या फाटकावर पाटी लागली:

१. बागेत फक्त फ्रेंच.
२. निसर्गाचा आनंद फ्रेंचमध्येच घ्यावा. ज्यांना तो फ्रेंचमध्ये घेता येत नाही त्यांनी येईपर्यंत थांबावं.
३. चिखल, कीटक व तत्सम बाबींचं फ्रेंच नाव ठाऊक असल्यासच त्यांना हात लावावा.
४. पडल्यास शांतपणे पडावं.

नियम झाले, पण ते पाळले जातात की नाही हे ठरवणार कसं? सात सदस्यांपैकी एकालाही फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं. “बाईंना येतं की,” असं कुणीतरी पुटपुटलं. अध्यक्षांनी ही सूचना फेटाळून लावली. ज्याला भाषा येते तो त्या भाषेच्या बाजूने झुकणार, हे उघड आहे. निःपक्षपाती परीक्षक तोच, ज्याला त्यातलं काहीही कळत नाही. अशी सात माणसं आयती समोर बसलेली असताना बाहेर शोधायला जाण्याचं कारण नव्हतं.

पद्धतही अध्यक्षांनीच सुचवली आणि तिच्या साधेपणाने आम्ही थक्क झालो. फ्रेंच मोजता येत नसेल तर फ्रेंच नसलेलं मोजावं! प्रत्येक मुलाला सुरुवातीलाच शंभर गुण द्यायचे आणि घरच्या भाषेतला एक शब्द तोंडातून निसटला की एक गुण कापायचा. या प्रकाराला ‘गृहभाषा-गळती’ असं नाव मिळालं. ‘आई गं’ हे दोन शब्द धरायचे. (खरोखर ठेच लागली असल्यास एकच धरावा, ही दुरुस्ती माझी. ती बरीच चर्चा होऊन मंजूर झाली.) प्रत्येक झाडाखाली एक खुर्ची, खुर्चीत एक सदस्य आणि सदस्याच्या मुठीत आकडे मोजायचं छोटं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टक्‌ असा आवाज करणारं. हंगामाअखेर ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याला पदक. ते पदक भिंगरीला मिळावं असं मला फार वाटायचं.

निकाल डोळे दिपवणारे होते. पहिल्या आठवड्यात गळती निम्म्यावर आली, महिनाभरात ती जवळपास थांबली. फ्रेंच किती वाढलं याची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण ते मोजण्याची तरतूद नव्हती. मुलांनी फार लवकर ओळखलं, की जो बोलतच नाही त्याचे गुण जातच नाहीत. लपंडावात सापडलेल्याला ‘सापडलास’ म्हणता येईना, म्हणून सगळे लपलेलेच राहायचे आणि अंधार पडायला लागला की आया येऊन त्यांना झुडपांतून वेचून न्यायच्या. ‘धप्पा’ हा गृहभाषेतला शब्द मानायचा की तो नुसता आवाज आहे, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. भांडणं पूर्वीसारखीच होत राहिली, फक्त आता ती थेट हातांपासून सुरू होत असल्याने वेळ वाचायचा. बाकांवर दुपारी डुलकी काढणाऱ्या आजोबा मंडळींनी समितीला जाहीर धन्यवाद दिले. इतकं सुंदर फ्रेंच त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, असं त्यांच्यापैकी एक जण म्हणाले.

पदकाचा ध्यास असल्याने मी एक पाऊल पुढे गेलो. आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत. कुंडी म्हणजे निसर्ग, सबब नियम घरालाही लागू होतो, असं मी जाहीर केलं. त्याच संध्याकाळी भिंगरी चिखलाचे गुडघे घेऊन धावत आली आणि दारातूनच तिने सुरुवात केली, “बाबा, आज ना...”

“फ्रेंच,” मी प्रेमाने म्हणालो.

ती थांबली. तिने छताकडे पाहिलं, हातवारे करून पाहिले. “फुर्मी,” ती म्हणाली. “फुर्मी... नों.” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती पाय धुवायला गेली. मुंगीचं काय झालं ते मला समजलं नाही. गुण मात्र एकही गेला नाही.

बायको स्वयंपाकघरातून हे सगळं पाहत होती. “शांतताच हवी होती तर खोलीचं दार लावून बसायचंस,” ती म्हणाली, “पोरीचं तोंड कशाला बंद केलंस?” (बायको समितीवर नाही.)

पुढे पुढे भिंगरी काही सांगायला येईनाशी झाली. बागेत ती रोज बाईंना चिकटून बसते आणि त्यांचं फ्रेंच ऐकते, एवढं मला खुर्चीतून दिसायचं. जेवताना वाट्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मोबाइल हातात असूनही मला करमेना, आणि कशामुळे करमत नाही ते कळेना. मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “नवी कवळी बसवली की सगळ्यांना असंच होतं. सवय होईल.”

हंगामाअखेर जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं. खुर्च्या मांडल्या, पालक जमले. भिंगरी अठ्ठ्याण्णव गुणांवर होती (दोन्ही ठेचा खऱ्या होत्या, मी स्वतः तपासल्या). बाईंचा मुलांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांना लांब, नळापाशी बसवलं होतं. अध्यक्षांनी खूण केली आणि मुलं बागेत निसर्गाचा सराव करू लागली. एक मूल पानासमोर उभं राहिलं. दुसरं झाडासमोर उभं राहिलं. सगळीकडे निःशब्द फ्रेंच पसरलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि एका काकांनी त्या शांततेचा पूर्ण व्हिडिओ काढला.

तेवढ्यात नळावर एक गोगलगाय दिसली.

ती पहिल्यांदा भिंगरीला दिसावी, हे आमचं दुर्दैव. मी डोळ्यांनी खूप खुणावलं. पण ती बाईंकडे धावत सुटली होती. “बाई, बाई, एस्कार्गो! बघा ना, शिंगं बाहेर काढलीयेत!” झालं. बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या, आणि मागोमाग झाडांखालची, पानांसमोरची, झुडपांतली सगळी मुलं नळाकडे पळाली. कित्येक आठवडे तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बागभर टक्‌ टक्‌ सुरू झालं. एका सदस्याचं यंत्र तर जागीच अडकून बसलं.

माझ्या मुठीतही यंत्र होतं आणि समोर माझी मुलगी होती. कर्तव्य ते कर्तव्य. शब्द मोजायचे म्हटल्यावर ते ऐकावे लागतात, त्यामुळे मी मोबाइल खिशात ठेवला आणि अंगठा यंत्रावर ठेवून तिचा प्रत्येक शब्द ऐकला. गोगलगाईला कुणी ‘घरी चल’ म्हणू शकत नाही, कारण ती घरातच असते, असं ती म्हणत होती. तिच्या घरात एकालाच जागा आहे, मग ती गोष्टी कुणाला सांगते, असं ती बाईंना विचारत होती. मधे मधे ती फ्रेंच बोलायची, अख्खीच्या अख्खी वाक्यं, न अडखळता, आणि बाई हसून तशीच उत्तरं द्यायच्या. ती वाक्यं मोजायची नव्हती, त्यामुळे वाया गेली. उरलेल्या शब्दांसाठी मी अंगठा दाबत राहिलो. माझे डोळे का भरून आले होते ते मला माहीत नाही. बागेत धूळ असते.

भिंगरीला अकरा गुण मिळाले. बहुतेक मुलं शून्याच्या खाली गेली. पदक अध्यक्षांच्या चिरंजीवांना मिळालं. हा मुलगा पायाला प्लास्टर असल्याने अख्खा हंगाम आपल्या मावशीकडे होता आणि त्याने बागेत पाऊलही ठेवलेलं नव्हतं. शंभरपैकी शंभर! अध्यक्षांनी ते पदक स्वतःच्या हस्ते स्वतःच्या हाती दिलं. पक्षपाताचा आरोप नको म्हणून टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत. चिरंजीवांच्या यशाचा अभ्यास करून समितीने पुढचं धोरण ठरवलं आहे: यापुढे एकाही मुलाला बागेत येऊ द्यायचं नाही, म्हणजे सगळ्यांनाच शंभर गुण मिळतील. नळ दुरुस्त झाला आहे. बाईंचे जाहीर आभार मानून त्यांना मोकळं केलं आहे.

प्रात्यक्षिक संपल्यावर मी आणि भिंगरी जिना चढत होतो. पदकाचं तिला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. तिने माझा हात धरला आणि ती बोलायला लागली. घरचा नियम आठवून असेल, पण सगळं फ्रेंचमध्ये. बराच वेळ, हातवारे करत, मधेच हसत. शेवटी तिने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

“वा!” मी म्हणालो. “उच्चार काय सुधारलाय!”

ती पायरीवर थांबली. “बाबा, मी तुला काहीतरी विचारलं.”

मागून समितीचे दोन सदस्य जिना चढत होते. “हो, हो. छान विचारलंस,” मी म्हणालो. तिने थोडी वाट पाहिली, मग हात सोडला आणि ती एकटीच पुढे गेली.

तिने काय विचारलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. बाई वसाहत सोडून गेल्या, आणि भिंगरीला विचारलं तर ती ‘काही नाही’ म्हणते. तुम्हाला हसू येत असेल तर हसा, माझी हरकत नाही. फक्त एक सांगा. तुम्ही हे वाचत बसला आहात, आणि मघाशी तुमच्या शेजारी येऊन कुणीतरी काहीतरी विचारून गेलं. तुम्ही मान वर न करता ‘हं’ म्हणालात. काय विचारलं होतं? ते तर फ्रेंचमध्येही नव्हतं.