सत्यवानाच्या कानाचं बँडेज

ऑपरेशन झालेल्या माणसाला ते लोकांना दाखवता आलं पाहिजे, असा आरोंदा गावाचा नियम. सत्यवान पखवाजी तिथेच अडकला.

त्याच्या उजव्या कानाच्या नळीत, पार खोल, हाड वाढलं होतं. ऐकू येईना. गेल्या जत्रेत दशावतारी नाटकातल्या ऐन युद्धात त्याचा ताल चुकला आणि कंपनीचे मालक गुरुप्रसाद दुसरा पखवाजी शोधू लागले. पखवाज सुटला तर सत्यवानाने करायचं काय? गोव्यात जाऊन त्याने ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर तेजस्वीबाईंनी कानाच्या भोकातूनच बारीक दुर्बीण घातली आणि पडद्याला धक्का न लावता हाड कोरून काढलं. बाहेर कापणं नाही, टाका नाही. काय त्या बाईचा हात! आतली पट्टी निघाल्यावरच गडी घरी परतला.

शहाळी घेऊन आलेल्या शेजारच्या नर्मदाकाकीने त्याचे दोन्ही कान ओढून पाहिले.

"कापल्यानी खंय?"

"आतसून केल्यानी, काकी."

"आतसून? म्हणजे गोव्यात मजा मारून इलंस."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सत्यवानाने फुकटची शहाळी उडवली. बायको शेवंती लाजेने अर्धी झाली. दुसऱ्या दुपारी तो घोरत असताना तिने जुनं धोतर फाडलं, कानात कापूस कोंबला आणि डोक्याभोवती हे एवढं बँडेज गुंडाळलं. तेवढ्यात गुरुप्रसाद दारात हजर. बँडेज बघून त्यांनी शेवंतीला बाहेर खळ्यात, अंगणात नेलं.

"ह्येका आता कायच ऐकाक येवचा नाय," ते कुजबुजले. "जत्रेक पखवाजाक मी अजयाक बोलवतंय."

"अजय लय सोडून धावता. तुमीच सांगलात," आतून सत्यवानाचा आवाज आला.

गुरुप्रसाद धावतच आत आले. "तुका ऐकाक इला? खयच्या कानान?"

सत्यवानाने डोकं चाचपलं. कापूस आणि बँडेज डाव्या, धडधाकट कानावर होतं; उजवा मोकळाच होता.

"शेवंती, ऑपरेशन उजव्या कानाचा गो."

"माका काय म्हायत? दोनय कान सारकेच दिसतत."

गुरुप्रसादांनी न पाहिलेल्या डॉक्टरीणबाईंना तिथूनच हात जोडले. "जत्रेक तूच बस. पण ह्या बँडेज बांधूनच. लोकांका दिसांदे."

जत्रेत सत्यवानाने पखवाज असा वाजवला की राक्षससुद्धा तालात मेला. पुढे बसलेली नर्मदाकाकी पदराने डोळे पुसत होती.

"डॉक्टरणीन काय ऑपरेशन केल्यान गो," ती म्हणाली. "बँडेज बघ केवढा मोठा."