चारची बोट

"हात खाली घे, तोगिया," मोका नवऱ्याला पुन्हा म्हणाली. ऑकलंडच्या बंदरावर बसमधून उतरून दीड तास झाला होता आणि दोघं जेमतेम दोनशे पावलं पुढे सरकली होती.

कारण तोगिया समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबून हात करत होता. नियूए बेटावर, त्यांच्या लिकू गावात, कुणी दिसलं आणि हात केला नाही, तर संध्याकाळपर्यंत 'तोगियाला शिंगं फुटली' अशी बोलवा होते. पण तिथे दिवसभरात वीसेक माणसं भेटतात. इथे तेवढी एकेका सिग्नलला सुटत होती.

"कुणी ढुंकून बघत नाही तुझ्याकडे."

"म्हणून आपण आपली रीत सोडायची?"

"रीत पाळ, पण चालत चालत पाळ. चारची शेवटची बोट आहे."

मोकाला बोटीतून बंदराची एक फेरी मारायची होती, बस्स. तिची बहीण सिफा ती फेरी मारून आली होती आणि नऊ वर्षं दर रविवारी चर्चबाहेर मोकाला ती ऐकवत होती. उद्या पहाटे तर परतीचं विमान.

तेवढ्यात पिवळ्या टोप्या घातलेल्या परदेशी म्हाताऱ्यांचा घोळका समोर आला. तोगियाने हात केला. आख्ख्या घोळक्याने उलट हात केला! तोगियाने खुशीत दोन्ही हात उंचावले आणि पुढे निघाला. घोळकाही मागोमाग निघाला.

"ही माणसं आपल्या मागे का येतायत रे?"

"चांगली माणसं आहेत."

"अरे, ह्यांचा गाईड हरवलाय! तुझा सदरा पिवळा, तुझा हात वर. त्यांना वाटतंय तूच तो."

तोगियाने त्यांना समजावून बघितलं. भाषा कळेना. त्याने हातवारे केले, तर त्यांनी हाताच्या दिशेला बघून क्रेनचे फोटो काढले. तो डावीकडे वळला, ते डावीकडे वळले. पळावं म्हटलं, तर एक आजोबा काठी टेकत पळायला लागले. ते बघून मोकाच थांबली.

"असं सोडून कसं जायचं? पाहुणे आहेत," तोगिया म्हणाला.

"आपणही पाहुणेच आहोत, शहाण्या!"

पण आजोबांचा हात तिनेच धरला. मग कुणाला पाणी, कुणाला बाथरूम, असं करत चारला पाच मिनिटं असताना ही वरात धक्क्यावर पोचली. तिकिटाची खिडकी बंद झाली होती. मोकाने हातात काढून ठेवलेले तिकिटाचे पैसे परत पर्समध्ये ठेवले. ती चिडली असती तर तोगियाला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मिटलेली छत्री हातात घेऊन एक टकला माणूस घामाघूम होऊन धावत आला. आजच बदलीवर आलेला गाईड. एकाचाही चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याने भराभर डोकी मोजली. "तीस, एकतीस, बत्तीस. सुटलो बुवा, सगळे आहेत!" एकगठ्ठा तिकीट फडकवत त्याने सगळ्यांना बोटीकडे पिटाळलं. "चढा, चढा!"

"अहो, पण आम्ही..." तोगियाने तोंड उघडलं. मोकाने त्याच्या पायावर पाय दिला.

बोट सुटली. मोका पुढच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, वाऱ्यात डोळे मिटून. तोगिया मागे वळून बघत होता. धक्क्यावरच्या बाथरूममधून पिवळ्या टोप्यांच्या दोन बायका बाहेर आल्या, त्यांनी बोटीकडे बघितलं आणि दोन्ही हात उंच करून जिवाच्या आकांताने हलवायला लागल्या.

"बघ मोका, बघ!" तोगिया म्हणाला. "ह्या शहरातसुद्धा आहे रीत."

आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत तो उलट हात करत राहिला.