इनासकाका आणि अस्वलाचं पिंप

इनासकाकांनी माझ्या नवऱ्याचं टक्कल टेपने मोजलं आहे. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी ‘वाढलंय’ म्हणून मला आकडाही सांगितला.

काका मूळचे वसईचे. कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटार कारखान्यात त्यांनी जन्मभर गाडीच्या दारांच्या फटी मोजल्या. रिटायर झाल्यावर उत्तर ऑन्टॅरिओत, आमच्या तळ्याकाठी, शेजारीच घर घेतलं. टेप काही हातातून सुटली नाही. मी फावड्याने बर्फ बाजूला केलं की ढीग त्यांच्या हद्दीत किती आला ते हे सांगणार. रागावलं की म्हणायचे, ‘टेपला नातंगोतं नसतं, पोरी.’ मी साठीला आले तरी आपली पोरीच.

२०१७च्या मे महिन्यात ग्लेन नावाच्या शिकाऱ्याने आमच्या मागच्या जंगलात अस्वलांसाठी पिंप ठेवलं. आत शिळे डोनट, वरून तळणीचं जुनं तेल. वास असा की मलाच भूक लागली. राहत्या घरापासून पाचशे मीटरच्या आत असं आमिष ठेवायचं नाही, घरमालकाने लेखी परवानगी दिली तरच चालतं, असा सरकारी नियम. काकांना तो रोझरीच्या प्रार्थनेसारखा पाठ.

सकाळीच दारात हजर. माझ्या नवऱ्याला त्यांनी आपल्या घरी सिसिलकाकीसोबत चहाला बसवलं, ‘मी येईस्तोवर जागचं हलायचं नाही’ असा दम भरला, आणि पन्नास मीटरच्या टेपचं दुसरं टोक धरायला मला जंगलात नेलं. पिंप पाचशेच्या आतच भरणार, ग्लेनला आजच उचलायला लावतो, अशी त्यांची खात्री. मलाच मेलीला नाही म्हणता येत नाही.

वाटेत एका बर्चच्या सालीवर, माझ्या डोक्याच्याही वर, ताजे ओरखडे होते. माझी बोबडी वळली. काका आपले टेप ताठ धर म्हणून बजावताहेत.

काकांच्या दारापासून पाचशे चौदा मीटर भरले. पुन्हा मोजलं. पाचशे चौदाच.

चला, टेपला नातंगोतं नसतं, असं मी त्यांना ऐकवलंही. काका हसले नाहीत. ओल्या शेवाळावर मटकन बसले. तेवढ्यात मागे काटक्या मोडल्या. बघते तर ग्लेन, खांद्यावर डोनटचं पोतं.

पिंप नियमात आहे, चौदा मीटर जास्तच, असं काकांनी त्याला प्रामाणिकपणे सांगून टाकलं. तो थँक यू म्हणून पोत्याचं तोंड सोडायला लागला. काकांनी उठून त्याचा दंड धरला.

“पिंप नियमात बसतं,” ते इंग्रजीत म्हणाले. “माझी बायको बसत नाही.”

काकी विसरते हे आम्हाला ठाऊक होतं. तिने चहात मीठ घातलं की आम्ही हसायचोही. पण ती दार उघडून निघून जाते, हे काकांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. सोमवारी ती दोनशे दहा मीटरवर सापडली, काका सांगत होते. बुधवारी तीनशे चाळीस. काल याच वाटेवर, चारशे साठ. पायात चपला नव्हत्या, माहेरी निघाले म्हणत होती. ऐकताना मला माझीच लाज वाटली.

ग्लेनने पोतं खाली ठेवलं. पिंप हलवायला त्याची ना नव्हती. किती लांब नेऊ, एवढंच सांग म्हणाला.

काका टेप गुंडाळत होते. अर्ध्यावर थांबले.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “ती रोज थोडी पुढे जाते.”