छातीवरची माया

माणूस दुकानाची पायरी चढला की मी नुसत्या नजरेनं त्याचं माप सांगतो. टेप लावतो तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. स्वतःची छाती मात्र कधी कुणाला मोजू दिली नाही. बाईमाणसाला शोभावं ते कॉलेजपासून माझ्या अंगावर होतं. म्हणून शर्ट कायम ढगळ, वर दोन मोठे खिसे. "शिंप्याच्या अंगात पोतं," बायको म्हणायची.

शेवटी ऑपरेशन ठरवलं. अट एकच, बायकोशिवाय कुणाला कळता कामा नये. दुकानावर पाटी लावली, 'लग्नाला गेलो आहे'.

दवाखान्यात नर्सनं बायकोला विचारलं, "पेशंट तुम्हीच ना?" बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी छताकडे बघू लागलो.

सर्जनबाईंनी मला उभं करून मार्करनं छातीवर दोन वर्तुळं काढली. "इथली गाठ कापून काढायची, बाजूची चरबी नळीनं ओढायची," असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या. मार्कर टेबलावरच राहिला. समोर आरसा होता.

डावं वर्तुळ उजव्यापेक्षा चांगलं बोटभर मोठं! एवढ्या शिकलेल्या बाई, आणि ही कटिंग? शर्ट जन्मभर एका अंगाला ओढणार. कापड आपलं, आणि आपणच गप्प बसायचं? मी स्पिरिटच्या बोळ्यानं डावी रेघ पुसली आणि उजवीबरहुकूम नवी आखली. हात सवयीचा, त्यानं बाहेरून एक तुटक रेघही मारली.

बाई परत आल्या आणि बघतच राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच. तुमची जरा चूक झाली होती."

"आणि ही तुटक रेघ?"

"माया."

"माया?"

"शिवणीत सोडतात ना, ती. पुढेमागे उसवून सैल करायचं झालं तर."

बाईंनी खुर्ची ओढली. "काका, तुमची डावी बाजू मुळातच मोठी आहे. तुमच्या मापानं कापलं तर निम्मी गाठ आतच राहील."

गावभर छात्या मोजत हिंडलो आणि घरची डावी-उजवी ठाऊक नव्हती! आरशात नीट पाहिलं. बाईंचंच खरं होतं.

"पुसू नका," म्हणत त्यांनी नर्सला बोलावलं. तिनं दुसरीला. सगळ्यांना माया बघायची होती. पाठोपाठ भूल देणारे डॉक्टर आले. वाकून बघितलं आणि मास्क खाली केला.

"अहो, तुम्ही लग्नाला गेला होतात ना? माझी पँट झाली का?"

भूल लवकर द्या, एवढंच मी म्हणालो.

ऑपरेशन छान झालं. सूज उतरेपर्यंत छातीवर घालायला दिलेलं घट्ट जाकीट सुटलं त्या दिवशी मी अंगाबरोबर बसणारा शर्ट शिवला, आयुष्यातला पहिला. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

बायकोनं मला वळवून चारी बाजूंनी पाहिलं.

"बसलाय छान," ती म्हणाली. "पण ती होती तोवर हे पोट दिसत नव्हतं."

सध्या पुन्हा ढगळच शिवतोय. फक्त खालून.