दोन-चारचा हात

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात बांगड्या भरणारे मारोतीकाका गिऱ्हाइकाला नावानं ओळखत नाहीत, हाताच्या मापानं ओळखतात. "या दोन-सहा, बसा. दोन-चार नाई आली सोबत?" असं त्यांचं स्वागत. एकदा तहसीलदारीणबाईंना त्यांनी भर बाजारात "ओ दोन-दहा!" अशी हाक मारली. बाई वर्षभर फिरकल्या नाहीत.

हात हाती आला की काकांचे डोळे मिटतात. अंगठा तळव्यात दाबतात, आणि बांगडी सरकन मनगटात. एकही फुटलेली मी पाहिली नाही. "तोंड खोटं बोलते, हात नाई," हे त्यांचं पालुपद.

माझं माप लग्नापासून दोन-चार. गेल्या संक्रांतीला दोन-आठही चढेना. म्हटलं, "काका, जाडी झाले, मोठी द्या." त्यांनी माझी बोटं चाचपली, पावलांकडे पाहिलं आणि टोपलीवर फडकं टाकलं.

"देत नाई. मांस नाई, हाड वाढून राह्यलं तुयं. चप्पलबी मोठी घेतली न?"

घेतली होती. अंगठीही बोटात अडकली होती. पण मी चिडले. शाळेत विज्ञान शिकवते मी, आणि हे मला सांगणार!

"पयले डॉक्टरले दाखव, मंग बांगडी."

दोन बाजार रिकाम्या हातांनी परतले. शेवटी त्यांचं तोंड बंद करायला म्हणून नागपूर गाठलं.

डॉक्टरांनी समजावलं ते ऐकून मी थक्क झाले. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातल्या एका पेशीच्या सूचनांत चूक होते आणि ती थांबायचं विसरते. एकीच्या दोन, दोनांच्या चार, वर्षानुवर्षं, गुपचूप. माझी गाठ कर्करोगाची नव्हती, पण वाढीचं संप्रेरक रक्तात सोडत होती आणि डोळ्यांच्या नसांना टेकली होती.

"उशीर झाला असता तर नजर गेली असती. कुणी ओळखलं?"

"बांगडीवाल्यानं," मी म्हणाले. डॉक्टर लिहायचे थांबले.

नाकातून गाठ काढली. सूज उतरली, वाढलेलं हाड मात्र तसंच राहिलं. बाजारात गेले तेव्हा काकांनी न विचारता दोन-आठच्या हिरव्या बांगड्या भरल्या.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी टोपलीच्या तळातून एक सुतळी काढली. तीत काचेच्या बांगड्या ओवलेल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. काकूंच्या. दर वर्षी उतरवलेली एकेक.

"दरसाली मोठा नंबर म्याच भरला. सुखानं भरली म्हून हासत होतो तिले. मंग तिले दिसनं बंद झालं. मंग थे गेली."

माझा हात अजून त्यांच्या हातात होता.

"तुले नाई म्हनलं न बाई, थे तिले म्हनायले पायजे होतं."