मागितलं ते मिळालं

सोमवारी सकाळी अकरा वाजता विमान कंपनीचं ऑक्टोबरच्या ड्यूट्यांचं रोस्टर जाहीर झालं आणि मुरलीधर हर्डीकरांच्या टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजू लागले. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडा उमटला होता : सत्त्याण्णव टक्के मागण्या पूर्ण. मुरलीधररावांनी उभ्या हयातीत साठ टक्क्यांच्या वर मजल मारलेली नव्हती. त्यांनी आधी मोबाईल काढून त्या आकड्याचा फोटो घेतला, तो बायकोला पाठवला आणि मगच फोन उचलला.

“मुरलीजी, ये क्या मज़ाक है?” पलीकडून कॅप्टन सलूजा गरजले. “मुझे दस दिन की छुट्टी दे दी!”

“सर, आपने दस दिन की ही तो माँगी थी.”

“माँगी थी! पंद्रह साल से माँग रहा हूँ! आपने कभी दी क्या?”

कॅप्टनसाहेब खरंच बोलत होते. ते दर महिन्याला दहा दिवस मागत, मुरलीधरराव तीन देत, आणि दोघंही समाधानात असत. साहेबांना हवे असत तीनच. पण तीन मागितले तर एक मिळेल, या हिशेबाने ते दहा लिहीत. आता दहा दिवस घरी बसायचं म्हणजे बायकोने योजलेली माळ्याची साफसफाई, स्वयंपाकघराची रंगरंगोटी आणि मेव्हण्याचा मुक्काम, सगळंच अंगावर आलं होतं.

गुरुग्रामच्या त्या काचेच्या इमारतीत मुरलीधरराव सव्वीस वर्षं हेच काम करत आले होते. पायलट आणि केबिन क्रू मिळून सहाशे माणसं. प्रत्येकाने महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आपली ‘बिड’ द्यायची, म्हणजे पुढच्या महिन्यात कुठली विमानं हवीत, मुक्काम कुठे हवा, सुट्टी कधी हवी, ते पसंतीच्या क्रमाने लिहून कळवायचं. मुरलीधरराव ते सगळे कागद पसरून, पेन्सिल कानाला लावून, कुणाची नोकरी किती जुनी ते बघून ड्यूट्या लावत. कागदावर लिहिलेलं ते वाचत खरे, पण ड्यूटी लावत ती माणूस आठवून. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

ह्या महिन्यापासून मात्र बिड गोळा करायचं, त्यांचा क्रम ठरवायचं आणि ड्यूट्या वाटायचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं होतं. दोन महिन्यांनी मुरलीधरराव निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणाऱ्या यंत्राचा त्यांनी रागराग करावा, अशी सगळ्या मजल्याची अपेक्षा होती. पण ते दिवसातून चारदा त्या पडद्यापाशी जाऊन उभे राहत आणि परत येताना त्यांचे डोळे चमकत. कारण ते सॉफ्टवेअर त्यांच्या लेकीने केलं होतं.

तनया आणि तिच्या दोन मैत्रिणी, एवढीच त्यांची कंपनी. एक भाड्याची खोली, तीन लॅपटॉप आणि हे पहिलं मोठं काम. तनयाने सुरुवातीलाच बत्रासाहेबांना, म्हणजे वरच्या डायरेक्टरांना, लेखी कळवलं होतं की मुरलीधर हर्डीकर माझे वडील आहेत, कंत्राट द्यायचं की नाही ते हे जाणून ठरवा. बाकी कुणाला काही माहीत नव्हतं. “बाबा, ऑफिसात एक शब्द बोलायचा नाही,” तिने बजावलं होतं. “माझं काम बघून लोकांनी ठरवू दे.” मुरलीधररावांनी वचन दिलं होतं. तीन महिने ते हे वचन कसंबसं पाळत आले होते.

फोन खाली ठेवतात तोच सलोनी धावत आली. केबिन क्रूमधली ही जुनी, हुशार मुलगी.

“अंकलजी, मुझे करवा चौथ की छुट्टी मिल गई!”

“बधाई हो, बेटा.”

“बधाई?” सलोनी खुर्चीत कोसळली. “मैं हर साल सासूमाँ के सामने बैठकर बिड भरती हूँ. सबसे ऊपर करवा चौथ. वो खुश हो जाती हैं. फिर आप मुझे उस दिन गुवाहाटी भेज देते हो. वो भी दुखी, मैं भी दुखी, और मैं गुवाहाटी में आराम से डोसा खाती हूँ! अब पूरा दिन भूखी, रोहतक में, चालीस रिश्तेदारों के बीच!”

तिच्या मागोमाग पूर्वी आली. ही पुण्याची, दोन वर्षांपूर्वी दिल्लीत आलेली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

“काका, मला पुण्याचे चार मुक्काम आलेत. चार!”

“मग तूच तर पहिल्या नंबरवर पुणं लिहितेस ना?”

“आई लिहायला लावते. म्हणते, पुण्याला मुक्काम घे, मुलं बघायचीत. मी लिहिते, तुम्ही देत नाही, मी आईला म्हणते, काय करणार, कंपनी ऐकत नाही. सगळं किती छान चाललं होतं! आता आईने चारही मुक्कामांना एकेक मुलगा लावून टाकलाय.”

“बघ तरी. एखादा बरा निघेल.”

“काका, तुम्हीसुद्धा?”

दुपारपर्यंत मजला माणसांनी भरून गेला. सगळ्यांचं दुःख एकच, की जे मागितलं होतं ते मिळालं होतं. कुणी नवऱ्याला दाखवायला मागितलं होतं, कुणी साहेबांवर छाप पाडायला पहाटेची विमानं मागितली होती. घासाघीस म्हणून तिप्पट मागणारे तर किती होते त्याला गणती नव्हती. सव्वीस वर्षांत मुरलीधररावांनी ह्या लोकांना एक सवय लावून ठेवली होती. तोंडाने काहीही मागा, मनातलं मी ओळखतो. सॉफ्टवेअरला ही सवय कुणी सांगितलीच नव्हती. ते बिचारं सरळ मनाचं. म्हणाल तसं.

“आप थे तो सब ठीक था, मुरलीजी,” जो तो म्हणत होता. मुरलीधररावांची छाती फुगायची. लगेच पुढचं वाक्य यायचं, “ये सॉफ्टवेयर जिस गधे ने बनाया है ना...” आणि फुगलेली छाती जागच्या जागी बसायची. असा बाप दुसरा नसेल, की ज्याचं कौतुक वाढेल तसतसं लेकीचं नुकसान वाढतंय. करारात स्पष्ट लिहिलं होतं, पहिल्या महिन्यात तीसपेक्षा जास्त तक्रारी आल्या तर काम परत पेन्सिलीकडे. शुक्रवारी बत्रासाहेब निकाल देणार होते. आणि सोमवारी संध्याकाळी फोनचाच आकडा दीडशेच्या पुढे गेला होता.

दिल्लीतल्या द्वारका भागातल्या घरी तनया जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. आई विनयाबाई मटार सोलत होत्या.

“बाबा, मी सगळं तीनदा चेक केलं. एक पण गलती नाहीये. ज्याने जे मागितलं ते त्याला मिळालंय. मग हे लोक भडकलेत का, यार?”

“मिळालंय म्हणूनच भडकलेत.”

“म्हणजे सगळे खोटं लिहितात?”

“खोटं नाही गं. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आणि मुलाकडचे बोलतात ना, तसं बोलतात. दोघांनाही ठाऊक असतं कुठे थांबायचं.”

“मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

मुरलीधररावांनी मटाराची एक शेंग उचलून सोलायला घेतली. खरी गोष्ट ही होती की आपण असं काही करतो, हे त्यांना स्वतःलाही आज पहिल्यांदा कळलं होतं.

“मी प्रत्येकाच्या मनातलं सांगतो, तू ते आत भर,” ते म्हणाले. “सलूजाला तिनाने भागायचं. सलोनीचं उलटं करायचं. पूर्वीला पुणं सोडून भारतात कुठेही.”

तनयाला हसू फुटलं, पण तिने मान हलवली. “नाही बाबा. उद्या सलोनीच्या मनात खरंच सुट्टी असली तर? मनातलं ओळखणारं मशीन मला बनवायचंच नाहीये. ज्याचं त्याने खरं लिहावं. नाहीतर मग काम गेलं तर गेलं.”

मुरलीधररावांनी लेकीकडे बघितलं. पोरगी हट्टी होती, बापासारखी. त्यांना फार बरं वाटलं.

मंगळवारी ते नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिसात गेले आणि कपाटातून एक जुना अर्ज शोधून काढला. नियम पूर्वीपासून होता, तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे, ती अर्जावर द्यायची. इतक्या वर्षांत कुणाला कधी गरजच पडली नव्हती, कारण तक्रार मुरलीधररावांच्या कानात सांगितली की मिटत असे. अर्जात तीन रकाने होते. तुम्ही काय मागितलं होतं? तुम्हाला काय मिळालं? तुमचं म्हणणं काय? आणि खाली बारीक अक्षरांत, एक प्रत अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर पाठवली जाईल.

कॅप्टन सलूजा पेन काढून तावातावाने बसले. पहिल्या रकान्यात लिहिलं, दहा दिवस सुट्टी. दुसऱ्यात लिहिलं, दहा दिवस सुट्टी. तिसऱ्यापाशी पेन अडलं.

“मुरलीजी, इसमें क्या लिखूँ?”

“जो सच है, सर.”

“और ये कॉपी घर जाएगी?”

“पुराना नियम है, सर.”

कॅप्टनसाहेबांनी अर्जाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि तो खिशात घालून टाकला.

सलोनीने तर शेवटची ओळ वाचूनच अर्ज निखारा हातात आल्यासारखा टेबलावर टाकला. “घर पे? पहले तो सासूमाँ ही खोलेंगी!”

“वो बाद में देखेंगे,” मुरलीधरराव हळूच म्हणाले आणि तिला समजावू लागले. सॉफ्टवेअरमध्ये अदलाबदलीचं एक पान होतं. दोघांनी आपसात कबूल केलं की ड्यूटी बदलून मिळे, कुणाची मेहेरबानी लागत नसे. तनयाने ते मोठ्या हौसेने केलं होतं, पण ते कुणी उघडूनही बघितलं नव्हतं. “तुम्हारे क्रू की क्षिप्रा है ना, उसकी अभी-अभी शादी हुई है, पहला करवा चौथ है, उसे सच में छुट्टी चाहिए और उसके हिस्से गुवाहाटी आया है. तुम ख़ुद उससे पूछो.”

सलोनीने विचारलं. क्षिप्रा टेबलावरून उडी मारायचीच बाकी राहिली. पाच मिनिटांत बदल झाला, पडद्यावर हिरवी खूण आली. सासूबाईंना सांगायला निमित्तही तयार झालं, एका नव्या नवरीसाठी मी माझी सुट्टी दिली. सलोनी रोहतकात त्यागमूर्ती ठरली.

मग ती गोष्ट विमानाच्या वेगाने पसरली. पूर्वीचे तीन मुक्काम तीन पुणेकरांनी हातोहात उचलले. चौथा तिने स्वतःच ठेवून घेतला. “आईला भेटायला,” ती म्हणाली. तिला कुणी कारण विचारलं नव्हतं. सलूजासाहेबांचे सात दिवस घ्यायला नुकताच बाप झालेला एक पायलट धावत आला, त्याच्या घरी तान्ही मुलगी होती. गंमत अशी, की अदलाबदल करायची तर समोरच्याला खरं काय हवं ते सांगावंच लागे. लोक पहिल्यांदाच एकमेकांशी खरं बोलत होते आणि मुरलीधरराव कोपऱ्यात चहा पीत ऐकत होते.

शुक्रवारी बत्रासाहेबांच्या टेबलावर लेखी तक्रारी आल्या तीन. त्यातली एक कँटीनच्या राजम्याबद्दल होती.

निकाल ऐकायला आलेल्या तनयाला बाहेर बसवून साहेबांनी मुरलीधररावांना एकट्याला आत बोलावलं. बत्रासाहेब अमेरिकेत शिकून आलेले, बोलण्यात कधी आडवळण नाही.

“मुरलीधरजी, सॉफ्टवेयर अच्छा है. पर मैंने सुना, इस हफ़्ते लोगों को रास्ता आपने दिखाया. मैं सोच रहा हूँ, आपको एक साल का एक्सटेंशन दे दूँ. सॉफ्टवेयर के साथ आप भी रहिए. क्या कहते हैं?”

मुरलीधररावांच्या काळजात एकदम दिवे लागले. दोन महिन्यांनी घरी बसायचं ह्या विचाराने त्यांची झोप उडाली होती. एक वर्ष! तेही लेकीच्या सॉफ्टवेअरशेजारी! पण आपल्या माणसाला कुणी पाटावर बस म्हटलं की लगेच बसतो का तो? निदान एकदा तरी ‘छे छे’ म्हणायची रीत असते. समोरचा आग्रह करतो, आपण अंग चोरतो, तो पुन्हा आग्रह करतो, मग आपण नाइलाज झाल्यासारखं बसतो.

“नहीं नहीं सर,” मुरलीधरराव हात जोडून म्हणाले. “अब मेरी क्या ज़रूरत? सॉफ्टवेयर अकेला काफ़ी है.” आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत ते किंचित हसले.

“बस! यही सुनना था मुझे,” बत्रासाहेब उठून उभे राहिले. “छब्बीस साल का तजुर्बा जिसके पास है, वो कह रहा है कि अकेला काफ़ी है. इससे बड़ा सर्टिफिकेट क्या होगा!” त्यांनी तिथल्या तिथे तनयाच्या करारावर सही ठोकली, तीन वर्षांची. मुरलीधररावांचं तोंड अर्धवट उघडं होतं, ते तसंच राहिलं.

दार उघडून साहेबांनी तनयाला सगळं सांगितलं. ती आत आली ती डोळे भरूनच. वचन, ऑफिस, भोवतीची माणसं, सगळं विसरून तिने बापाला मिठी मारली.

“बाबा! माझ्यासाठी तुम्ही एक्स्टेन्शन सोडलंत?”

सगळा मजला बघत होता. सलूजा, सलोनी, पूर्वी. “आपकी बेटी?” सलोनी ओरडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मुरलीधररावांनी आधी लेकीकडे बघितलं, मग त्या टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे, आणि मान ताठ करून म्हणाले, “हाँ. मेरी बेटी.” तीन महिने घशात अडकलेले ते दोन शब्द होते.

संध्याकाळी घरी पेढे आले. तनयाने फोनवर साऱ्या नातेवाइकांना बापाच्या त्यागाची गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. मुरलीधरराव आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मधूनच नम्रपणे हात हलवत होते.

ती मैत्रिणींना भेटायला बाहेर पडली तेव्हा विनयाबाई चहा घेऊन आल्या. समोर बसल्या. बत्तीस वर्षांच्या संसाराने तीक्ष्ण झालेल्या नजरेने त्यांनी नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि हळूच विचारलं,

“साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही, हो ना?”

मुरलीधररावांनी दाराकडे बघून लेक गेल्याची खात्री करून घेतली.

“तिला सांगू नकोस,” ते म्हणाले.